दशम्यांचं फडकं

आमच्या खोलीला दोन दारं होती. एक रस्त्याकडचं आणि एक मागच्या विहिरीकडचं. हे कामावर गेले की मी दोन्ही सताड उघडी ठेवायची. उकाडा फार असे, हे एक कारण. दुसरं असं की बंद दाराच्या घरात कोणी आहे असं कोणाला वाटत नाही, आणि मी तिथं आहे हे कोणाला तरी कळायला हवं होतं.

साठच्या दशकातली ही हकिकत. बोईसर स्टेशनावरून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका वाडीत आम्ही भाड्यानं राहत होतो. समुद्राकाठी नवं वीजकेंद्र उभं राहत होतं, आणि तिथल्या बांधकामावर माझ्या यजमानांना नोकरी लागली होती. ते सकाळी सातला सायकल काढत आणि दिवेलागणीला परत येत. वीज तयार करण्यासाठी एवढी माणसं राबत होती आणि आमच्या खोलीत कंदील होता. त्याची काच राखेनं पुसणं हे माझं दुपारचं काम.

मी घाटावरच्या, सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावातली. तिथं आमच्या आळीत शिंक आली तरी तीन घरांतून कोणीतरी विचारत असे. इथं दिवसच्या दिवस मी फक्त माझाच आवाज ऐकत असे, तोही तान्ह्या मुलीशी बोलताना. मागच्या बाजूला घरमालकीण राहायची. पन्नाशीची, काटक, विधवा बाई. ती रोज काहीतरी विचारायची, पण तिचं बोलणं मला पहिले सहा महिने नीट समजत नसे. मी नुसती हसायची. तिला वाटलं असावं, घाटावरची ही शिकलेली बाई जरा कमी बोलते. हळूहळू तिची भाषा कानाला लागली, पण तोवर कमी बोलण्याची सवय मलाही झाली होती.

पाहुणे म्हणावेत तर तोवर एकदाच आले होते. सासरच्या बाजूनं चुलतसासूबाई आणि नणंद, समुद्र बघायला म्हणून. मी चार दिवस आधीपासून डबे घासत होते. त्या आल्या, समुद्र बघितला, वाटेत वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासानं नाकाला पदर लावला आणि दुसऱ्या दिवशी निघाल्या. निघताना चुलतसासूबाईंनी कंदिलाच्या काचेवरून बोट फिरवलं. "काच मात्र लख्ख ठेवतेस हो," त्या म्हणाल्या. "बी.ए. होऊन एवढं तरी आलं."

मी हसले. माझं पदवीचं प्रमाणपत्र ट्रंकेच्या तळाशी लुगड्यांखाली होतं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. मुलगी म्हणून पहिली नव्हे, माणूस म्हणून पहिली.

ते माझ्या वडिलांमुळे झालं, आणि त्याचं ऋण मी कोणत्या शब्दांत सांगू हे मला आजही कळत नाही. वडील शिंपी. घराच्या ओसरीवर त्यांचं मशीन. मी मशीनच्या पायाशी बसून काजं करायची आणि मांडीवर पुस्तक उघडं ठेवून पाठ करायची. मॅट्रिक झाले तेव्हा भाऊबंद सांगायला आले की आता पुरे, स्थळं बघा. वडिलांनी मशीन थांबवलं नाही. "माप घेतल्याशिवाय मी कापड कापत नाही," ते म्हणाले. "या पोरीचं माप अजून पुरतं घेऊन झालं नाही." पुढची चार वर्षं तालुक्याच्या कॉलेजात जायला एस.टी.पर्यंत ते मला पहाटे स्वतः सोडायचे.

एवढी रीत मोडणारा माणूस, पण एक रीत त्यांनी घट्ट धरली होती. मुलीला मुलगा झाल्याशिवाय बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. काही घरांत पहिलं मूल झालं की चालतं, मग मुलगा असो की मुलगी. आमच्या आळीत मात्र नातूच लागायचा. आणि मला मुलगी झाली होती.

ती माहेरीच झाली. वडिलांनी तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा टेप न लावता नुसत्या डोळ्यांनी तिचं माप घेतलं आणि संध्याकाळच्या आत दोन झबली शिवली. ते नाराज नव्हते, हे मी पाहिलं होतं. म्हणून मला आशा होती. दुपारी दोन्ही दारं उघडी टाकून कंदील पुसताना मी एकच चित्र रंगवायची. बाबा आलेत, पाटावर बसलेत, मी भाकरी वाढतेय आणि ते म्हणताहेत, अजून अर्धी वाढ. माझ्या घराला घर म्हणणारं माहेरचं एक माणूस मला हवं होतं. जेवल्याशिवाय ते होणार नव्हतं.

मुलगी सात महिन्यांची झाली आणि भाद्रपदात वडिलांचं कार्ड आलं. गणपतीची शिवणं संपली आहेत, तीन दिवसांसाठी येतो.

या मुलखात भात आणि नाचणी. ज्वारी मिळायची म्हणजे पालघरच्या बाजारात, तीही असली तर. माहेराहून आणलेली शेरभर ज्वारी मी डब्यात राखून ठेवली होती, ती घरमालकिणीच्या जात्यावर दळायला नेली. तिनं पीठ बोटानं चोळून पाहिलं.

"येवढा कोन येतो गो?"

"वडील."

"बापूस येतो!" ती म्हणाली आणि स्वतः जात्याला हात लावायला बसली.

वडील भर दुपारी आले. स्टेशनावरून एस.टी. न मिळाल्यानं एका लॉरीत बसून आले होते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात गाठोडं. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी त्यातलं पाणी पायांवर घेतलं, तोंड धुतलं आणि तांब्या खाली ठेवला. प्यायले नाहीत. मग गाठोडं सोडलं. पांढऱ्या मांजरपाटाच्या फडक्यात आईनं दशम्या बांधून दिल्या होत्या. ज्वारीचं पीठ दुधात मळून केलेल्या, सोबत शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडे प्रवासाला याच देतात, चार दिवस काही होत नाही.

"आईनं पुरतील एवढ्या दिल्यात," ते सहज म्हणाले. म्हणजे सगळं ठरवूनच आले होते.

मी वांगी भरून ठेवली होती. चुलीवरचा तवा तापलेला होता. वडील रस्त्याकडच्या दाराबाहेर, पायरीवर बसले, मांडीवर फडकं पसरलं आणि चटणीशी दशमी खाल्ली. मग तांब्या न मागता उठले आणि विहिरीकडच्या दारानं घरमालकिणीकडे पाणी प्यायला गेले.

तिचं बोलणं मला चुलीपाशी ऐकू आलं.

"बाबा, लेकीकडं पानी नाय काय?"

"आहे की. पण आमच्यात मुलीच्या घरचं घेत नाहीत."

"अरे पन विहीर एकच हाय ना! तीबी हितनंच भरते, मीबी हितनंच भरते."

"तांब्या तुमचा आहे ना."

"तांब्या माजा हाय, तो खरा," ती म्हणाली आणि खो खो हसली. "म्हंजी तुमी पानी पीत नाय, तांब्या पिता!"

वडीलही हसले. मला हसू आलं नाही.

संध्याकाळी हे घरी आले. आमच्या घरात हे मितभाषी, पण सासऱ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "मामा, पानं घेतलीत. चला ना. आमच्या घरी तुम्ही परके का?"

"परका नाही, म्हणून तर," वडील म्हणाले. "परक्याच्या घरी मी पोटभर जेवतो, जावईबापू."

त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, तिला टेपचं टोक धरायला दिलं आणि तिच्याशी खूप बोलले. मी आणि यांनी आत बसून वांगी खाल्ली. दोघंही चावण्याचा आवाज होऊ नये अशा बेतानं जेवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडताना कोपऱ्यातलं गाठोडं उचललं आणि मला वास आला. फडकं सोडून पाहिलं तर वरच्या दशमीवर पांढरी लव धरली होती, कडेला हिरवे ठिपके. आमच्याकडची कोरडी हवा आईच्या हिशेबात होती. इथं मीठसुद्धा बरणीत पाणी सोडतं, हे तिला कसं माहीत असणार? मलाच लिहायला हवं होतं. पण मी लिहिलं नव्हतं, कारण ते दशम्या आणतील हे मला मनातून मान्यच नव्हतं.

वडिलांनी ते आधीच पाहिलं असावं. कात्री काढून ते पायरीवर बसले आणि हिरवा भाग कापडाचा काठ काढावा तसा गोल कापून काढला. उरलेली दशमी खाऊ लागले.

"बाबा, बुरशी आलीय त्याला."

"हिरवं दिसतंय होय? पालेभाजी समजायची."

"पोट बिघडेल."

"शिंप्याचं पोट आहे. सुई सोडून सगळं पचतं."

मग मी बोलले. एरवी मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. म्हणाले, "एवढ्या रीती मोडून तुम्ही मला शिकवलंत. भाऊबंदांचं ऐकलं नाहीत. मग ही एकच का धरून बसलात?"

त्यांनी घास खाली ठेवला.

"ते तुझ्यासाठी मोडलं, बाळ. दुसऱ्यासाठी मोडता येतं. स्वतःच्या पोटासाठी कसं मोडू? लोक म्हणतील ते राहू दे. मलाच ते लबाडी वाटेल."

मी पुन्हा केरसुणी उचलली. बी.ए.ला घेतलेल्या तर्कशास्त्रात हे बसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांना निघायचं होतं. पाचच्या एस.टी.नं बोईसर, तिथून मुंबई, रात्रीच्या गाडीनं पुणं. सकाळी ते समुद्र बघायला एकटेच चालत गेले. मी त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी राहिले. मग आत येऊन गाठोडं सोडलं. आता सगळ्याच दशम्या लवेनं भरल्या होत्या. त्या मी घरमालकिणीच्या उकिरड्यात पुरल्या आणि फडकं साबण लावून धुऊन दोरीवर वाळत घातलं.

हे मी रागानं केलं की काळजीनं, मला माहीत नाही. दोन्ही होतं. एक हिशेबही होता, तो कबूल करते. आता त्यांच्याजवळ खायला काही उरलं नव्हतं, आणि मी भाकऱ्या टाकायला घेतल्या होत्या.

वडील दहाच्या सुमारास आले. पायांना वाळू होती. दोरीवरचं फडकं त्यांना लगेच दिसलं. ते तिथंच थांबले, फडक्याचं टोक हातात घेऊन जरासे उभे राहिले आणि सोडून दिलं.

"बरं केलंस. धुवायलाच आलं होतं," ते म्हणाले. "आज उपास करीन म्हणतो. प्रवासात पोट हलकं बरं."

समोर मशीन नसलं की ते बसत तसे पायरीवर बसले, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. मी आत भाकऱ्यांवर ताट पालथं घातलं आणि चुलीसमोर बसून राहिले. अकरा वाजले असतील, बारा वाजले असतील. मुलगी उठली. पाजायला घेतलं तर चोखून चोखून रडायला लागली. आदल्या दिवसापासून मी नीट जेवले नव्हते. दूध नव्हतं. मी तिला खांद्यावर घेऊन या दारातून त्या दारात फिरू लागले, तशी ती आणखीच रडू लागली.

घरमालकीण मागच्या दारात आली. "पोर का रडते गो? भुकेली हाय ती. तू जेवलीस?"

"जेवेन."

"कदी जेवशील?" तिनं पायरीवरच्या वडिलांच्या पाठीकडे पाहिलं, मग झाकलेल्या भाकऱ्यांकडे. तिला काय ते कळलं. माझ्याशी न बोलता तिनं सरळ वडिलांना हाक मारली. "बाबा! तुमी उपाशी, म्हनून तुमची लेक उपाशी, म्हनून तिची लेक उपाशी. ही कसली रीत तुमची? तिगांना एकदम मारते ती!"

वडील वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू जेवली नाहीस?"

"तुमच्याआधी नाही जेवणार."

"कालपासनं?"

मी मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. घरमालकीण केव्हा निघून गेली ते कळलं नाही. वडील उठले, आत आले, माझ्या खांद्यावरून मुलीला घेतलं. तिच्या रडण्यानं लाल झालेल्या तोंडाकडे बघत राहिले. मग नजर तिच्यावरच ठेवून मला म्हणाले, "वाढ. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी तर नाहीच. हिच्या दुधासाठी."

मी पाट मांडला. दोन ताटं घेतली.

इतके महिने मी रंगवलेलं चित्र ते असं झालं. बाबा पाटावर बसले होते, मांडीवर माझी मुलगी होती, मी भाकरी वाढत होते. पण त्यांनी मान वर केली नाही. एक भाकरी खाल्ली, वांग्याचा रस्सा खाल्ला. अर्धी वाढू का विचारलं तर ताटावर आडवा हात धरला. पाणी प्यायले, त्याच विहिरीचं. म्हणाले, "पाणी मचूळ आहे इथलं." जणू ते पाणी आज पहिल्यांदाच प्यायले होते. मला त्यांचा चेहरा दिसला नाही. मी माझ्या ताटातलं सगळं संपवलं, कारण मी जेवावं म्हणूनच ते पाटावर बसले होते, पण चव काही आठवत नाही.

हात धुतल्यावर ते म्हणाले, "उसवलेलं, फाटलेलं काय असेल ते आण. सुईदोरा आणलाय मी."

मला समजलं. फुकटचं खाऊन उठणं त्यांना जमणार नव्हतं. यांचे दोन शर्ट होते, एक विजार होती, माझं एक पोलकं, मुलीच्या दुपट्याची कड. मी सगळं आणून ठेवलं. ते पायरीवर नव्हे, आत, खिडकीखाली बसले. मुलगी पिऊन झोपली. मी त्यांच्यासमोर काजं करायला बसायची तशी बसले. त्यांनी आळीतल्या एकेकाची खबर सांगितली. कोणाची गाय व्याली, कोणाच्या ओसरीवर नवं मशीन आलं, आईला चाळशी लागली पण ती घालत नाही. मी ऐकत होते. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज सलग इतका वेळ मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते.

पण कपडे संपत आले. शेवटची विजार त्यांच्या हातात होती. मी उठले, भरल्या उशीचा अभ्रा काढला आणि विळीच्या टोकानं त्याची एक शिवण हातभर उसवली. आणून त्यांच्यापुढं ठेवला.

त्यांनी शिवण बोटांत धरून उजेडाकडे केली. झिजून सुटलेला दोरा आणि कापलेला दोरा यांत काय फरक असतो, हे मीच त्यांच्याकडून शिकले होते. त्या क्षणी मात्र ते मला आठवलं नव्हतं.

"हे आत्ता उसवलंय," ते म्हणाले.

मी खाली बघत होते.

त्यांनी सुईत नवा दोरा ओवला, दुहेरी. आणि एरवी झपाझप धावणारा त्यांचा हात इतका सावकाश चालू लागला की मला प्रत्येक टाका दिसत होता. पाचची एस.टी. आमच्या दारावरून धूळ उडवत गेली. त्यांनी मान वर करून ती पाहिली.

"यानंतर किती वाजता असते?"

"सातला."

"मग काही घाई नाही," ते म्हणाले आणि पुढचा टाका घातला. अभ्रा पुरा झाल्यावर त्यांनी दोरा दातानं तोडला. "ते फडकं वाळलं का बघ. वाळलं असेल तर त्यातच बांध काहीतरी. रस्त्याला लागतं."

डब्याच्या तळाशी होतं तेवढं पीठ मी दुधात मळलं. चार दशम्या झाल्या. त्यांनी गाठोडं हातात घेऊन वजन बघितलं. हे कामावरून वेळेवर पोहोचले आणि सायकलीवर पिशवी अडकवून त्यांना थांब्यापर्यंत पोहोचवायला गेले. मी मुलीला घेऊन दारात उभी राहिले. एस.टी. गेल्यावरही उभीच होते.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. वडील चौथी शिकलेले, अक्षर मोठं, एका कार्डात सात-आठ ओळीच मावायच्या. सुखरूप पोचलो. कापडाला मागणी बरी आहे. मुलीस सर्दी होऊ देऊ नये. आणि शेवटी : "तिकडच्या हवेत दशम्या टिकत नाहीत. पुढल्या खेपेस तुझ्या आईला काही बांधू देणार नाही."

दुपारची वेळ होती. हे कामावर होते, घरमालकीण वाडीत पाणी लावायला गेली होती. दोन्ही दारं उघडी होती आणि रस्त्यावर कोणी नव्हतं. मी ती शेवटची ओळ दोनदा मनात वाचली. मग मुलीला समोर बसवलं आणि तिला ती मोठ्यानं वाचून दाखवली.